मैदान, कागद आणि अंतर : ग्रामीण अमेरिकेतील लॅटिनो किशोर फुटबॉलपटू आणि त्यांच्याविषयीचे लेखन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्थलांतरितांचे साहित्य तौलनिक अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. त्याच स्थलांतरितांच्या मुलांच्या खेळाविषयी झालेले लेखन मात्र अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिले. वृत्तपत्री वळणाचे, लोकप्रिय आणि म्हणून दुय्यम, अशी त्याची वासलात लावली गेली. ही उपेक्षा अनाठायी आहे. शेतमजूर आणि कारखान्यातील कामगार यांच्या मुलांना समाज कोठे सामावून घेतो आणि कोठे थांबवतो, याची जितकी बारीक नोंद या पुस्तकांत सापडते तितकी ती प्रतिष्ठित ललित लेखनातही क्वचितच आढळते. शिवाय क्रीडाकथा या प्रकाराला विजयाचा शेवट हवा असतो आणि ज्यांच्याविषयी ती सांगायची त्या मुलांचे आयुष्य तो शेवट सहसा देत नाही. आशय आणि आकृतिबंध यांच्यातील हा ताण साहित्याभ्यासाचाच विषय आहे. प्रस्तुत लेखात 'फुटबॉल' हा शब्द आपल्याकडील अर्थाने, म्हणजे अमेरिकेत ज्याला 'सॉकर' म्हणतात त्या खेळासाठी वापरला आहे. तेथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ वेगळा आहे आणि त्याचा निर्देश 'अमेरिकन फुटबॉल' असा केला आहे. हा फरक केवळ नावाचा नाही, हे पुढे दिसून येईल.

या लेखनातील सर्वांत महत्त्वाचे पुस्तक म्हणजे पॉल कुआद्रोस यांचे 'अ होम ऑन द फील्ड' (२००६). पेरू देशातून आलेल्या आईवडिलांचे हे पुत्र व्यवसायाने पत्रकार. कोंबड्यांच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांतील लॅटिनो कामगारांविषयी लिहिण्यासाठी एका पाठ्यवृत्तीच्या आधारे ते १९९९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात आले आणि तेथेच स्थिरावले. त्या राज्याच्या मध्यभागी असलेल्या चॅटम काउंटीतील सायलर सिटी हे छोटे गाव अशाच कारखान्यांवर जगत होते. कोंबड्या कापण्याचे, सोलण्याचे, तुकडे करण्याचे काम स्थानिक लोक सोडून देऊ लागले, तसे कारखानदारांनी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून येणाऱ्या मजुरांना हाताशी धरले. १९९० पर्यंत ज्या गावात लॅटिनो वस्ती नगण्य होती तेथे २००० च्या जनगणनेत ती सुमारे चाळीस टक्के भरली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, कू क्लक्स क्लॅनचा एकेकाळचा नेता डेव्हिड ड्यूक याने गावाच्या नगरभवनापुढे स्थलांतरितविरोधी सभा घेतली. कामगार हवेत पण त्यांची कुटुंबे नकोत, ही भावना गावात किती खोल होती हे त्या सभेने उघड झाले.

गावातील जॉर्डन-मॅथ्यूज हायस्कूलमध्ये लॅटिनो मुलांची संख्या वाढत होती, पण शाळेला फुटबॉलचा संघ नव्हता. मुले रविवारी मोकळ्या जागांवर, मोठ्या माणसांच्या सामन्यांत खेळत आणि शाळेत परकी राहत. संघ व्हावा म्हणून कुआद्रोस यांनी बराच पाठपुरावा केला. २००२ मध्ये तो उभा राहिला आणि प्रशिक्षकपद त्यांनीच स्वीकारले. दोन वर्षांनी, २००४ मध्ये, जवळजवळ संपूर्ण लॅटिनो असलेल्या या संघाने राज्यातील सर्वांत लहान शाळांच्या गटाचे अजिंक्यपद पटकावले.

कथानकाचा हा सांगाडा ओळखीचा वाटेल. पुस्तकाचे मोल त्याच्या आजूबाजूला आहे. अमेरिकेच्या लहान गावात शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे शाळेच्या अमेरिकन फुटबॉलची संध्याकाळ. दिव्यांनी उजळलेले मैदान, वाद्यवृंद, आजी-माजी विद्यार्थी, दुकानदार, पाद्री असे सगळे गाव तेथे जमते. आपल्याकडील गावजत्रेतल्या कुस्तीच्या आखाड्याशी या प्रसंगाचे साम्य आहे. गाव स्वतःला तेथे पाहून घेते. त्या मैदानावर दुसऱ्या खेळाने, आणि तोही 'त्यांच्या' खेळाने, वेळ मागणे म्हणजे गावाच्या आरशात वाटा मागणे होते. शाळांच्या खेळात मैदान कोणाला केव्हा मिळते, गवत कोणासाठी कापले जाते, दिवे कोणासाठी लागतात, यांसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींतून खेळाडूला आपली पायरी कळत जाते. पैशाच्या अडचणीआधी येणारा हा अडथळा आहे आणि आकडेवारीत तो कधीच दिसत नाही.

गुण असणे आणि तो हेरला जाणे यांत अंतर असते. फुटबॉलमध्ये हे अंतर विशेष मोठे आहे. कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या मुलांच्या धावण्याच्या संघावर २०१५ मध्ये आलेला 'मॅकफार्लंड, यूएसए' हा चित्रपट येथे तुलनेसाठी उपयोगी पडतो. मॅकफार्लंड या खेड्यातील शाळेने १९८७ मध्ये क्रॉस-कंट्री धावण्याचे राज्य अजिंक्यपद मिळवले, त्या घटनेवर तो आधारलेला आहे. धावपटूची गुणवत्ता घड्याळ सांगते. खेड्यातल्या मुलाने नोंदवलेली वेळ कागदावर उतरते आणि ती कोणत्याही विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला शंभर कोस दूर बसून वाचता येते. फुटबॉलपटूचे कसब असे मोजता येत नाही. चेंडू येण्याआधी त्याने मान वळवून मैदान पाहिले होते का, दोन बचावपटूंमधली फट त्याला कधी दिसली, हे कोणीतरी प्रत्यक्ष पाहावे लागते, आणि पाहणारा जाणकारही असावा लागतो. लहान शाळांच्या गटात केलेल्या गोलांना तर किंमतच कमी. प्रतिस्पर्धी दुबळे होते असे म्हणून ते बाजूला सारता येतात. म्हणजे हा खेळ नजरेत भरण्यावर चालतो. आणि ज्या कुटुंबांतून ही मुले येतात, त्यांतील कित्येकांची सुरक्षितता नजरेआड राहण्यात असते. बाकीचे सर्व अडथळे या एका विसंगतीभोवती गोळा झाले आहेत.

अमेरिकेत होतकरू खेळाडू हेरण्याचे काम मुख्यतः खासगी क्लब करतात आणि त्यांचा खर्च खेळाडूंच्या पालकांकडून वसूल होतो. युरोपात किंवा दक्षिण अमेरिकेत क्लब मुलावर पैसे घालतो. येथे मूल क्लबला पैसे देते. नोंदणी, गणवेश, परगावच्या स्पर्धा, हॉटेल असे सगळे धरले तर वार्षिक खर्च हजारो डॉलरांत जातो. १९७७ मध्ये सुरू झालेला 'ऑलिंपिक डेव्हलपमेंट प्रोग्रॅम' हा निवडीचा जुना मार्गही शुल्क आणि प्रवास यांच्यावाचून खुला नव्हता. २००७ मध्ये राष्ट्रीय महासंघाने 'डेव्हलपमेंट अकॅडमी' सुरू केली. तिचे संघ मोठ्या शहरांभोवती केंद्रित होते. २०१२ पासून या अकॅडमीने दहा महिन्यांचा हंगाम सक्तीचा केला आणि तिच्या खेळाडूंना शाळेच्या संघातून खेळण्यास मज्जाव झाला. खेळाच्या तांत्रिक दृष्टीने या निर्णयाचे समर्थन करता येईल. त्याचा ग्रामीण परिणाम मात्र फार गंभीर होता. सर्वोत्तम शहरी खेळाडू शालेय स्पर्धांतून निघून गेले, त्यांच्यामागे निवडकर्त्यांची नजरही गेली, आणि ज्यांच्याकडे शाळेच्या संघाखेरीज दुसरे काहीच नव्हते अशी मुले ओस पडलेल्या मंचावर खेळत राहिली. २०२० मध्ये अकॅडमी बंद झाली आणि 'एमएलएस नेक्स्ट' ही रचना तिच्या जागी आली. शहराकडे असलेला कल त्यामुळे बदलला असे म्हणता येत नाही.

एखाद्या गावात असामान्य मुलगा असला तर कोणी मध्यस्थ त्याला शोधून का काढत नाही? जागतिक महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या नियमांनुसार खेळाडूची विक्री झाली की त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांना त्या रकमेचा काही वाटा मिळतो. रोझारिओ किंवा सांतोसजवळच्या एखाद्या गरीब क्लबला दूरच्या खेड्यातला पोरगा हेरण्यात यामुळे स्वारस्य असते. अमेरिकन महासंघाने कायदेशीर अडचणींचे कारण देत ही व्यवस्था दीर्घकाळ लागू केली नाही. तेथील व्यावसायिक लीगने असा मोबदला मागण्याचे धोरण जाहीर केले ते २०१९ मध्ये. त्यामुळे ज्याने मुलाला घडवले त्याला त्याच्या यशातून काही लाभायचे नाही आणि ज्याचे पालक पैसे भरू शकत नाहीत त्याला शोधण्याचे कोणाला कारण नाही. दुर्लक्षामागे वंशभेद असतोच असे नाही. पुष्कळदा हिशेबच तसा बसवलेला असतो.

अंतर हा यानंतरचा अडथळा. तो किती निर्णायक असतो हे पाहण्यासाठी लॅटिनो नसलेल्या एका खेळाडूचे उदाहरण घ्यावे लागेल. अमेरिकेचा विख्यात आघाडीपटू क्लिंट डेम्प्सी (जन्म १९८३) पूर्व टेक्सासमधील नॅकडोचेस या गावी, फिरत्या घरांच्या वस्तीत वाढला. त्याच्या खेळाची जडणघडण मेक्सिकन स्थलांतरितांच्या मुलांबरोबर आणि त्यांच्या रविवारच्या सामन्यांत झाली. त्याला डॅलसच्या क्लबमध्ये जागा मिळाली. तेथे जायला तीन तास, परतायला तीन तास. आईवडिलांनी हा प्रवास वर्षानुवर्षे केला, मध्यंतरी खर्च झेपेना म्हणून खंड पडला, इतर पालकांनी हात दिला. ज्या मुलांबरोबर खेळून त्याने ते कसब मिळवले त्यांच्यापैकी कोणी डॅलसला पोहोचले असेलही. पण इतिहासात नाव एकाचेच उरले. दोघांच्या खेळाचे मैदान एक, गाव एक, गरिबीही जवळजवळ सारखी. डेम्प्सीच्या वडिलांना गाडी चालवताना पोलिसांची भीती नव्हती, एवढा फरक जमेस धरावाच लागतो.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या ग्रामीण भागात सार्वजनिक वाहतूक जवळजवळ नसतेच. २००५ च्या 'रिअल आयडी' कायद्यानंतर अनेक राज्यांनी वाहन परवान्यासाठी कायदेशीर वास्तव्याचा पुरावा मागण्यास सुरुवात केली. नॉर्थ कॅरोलायनाने २००६ मध्ये नियम कडक केले आणि कागदपत्रे नसलेल्या पालकांना परवाना मिळणे व नव्याने करून घेणे बंद झाले. सायलर सिटीच्या शेजारच्या अलामान्स काउंटीत २००७ पासून काही वर्षे स्थानिक शेरीफच्या कर्मचाऱ्यांना संघीय करारान्वये अटकेतील व्यक्तींचा स्थलांतरित दर्जा तपासण्याचे अधिकार होते. विना परवाना गाडी चालवल्याबद्दल झालेल्या साध्या कारवाईचा शेवट हद्दपारीत होऊ शकत होता. मुलाला सरावाला नेणे या गोष्टीत एवढा धोका भरलेला असताना 'लॅटिनो पालक खेळात रस घेत नाहीत' अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा ती कोणत्या अज्ञानातून येते हे ध्यानात घ्यायला हवे.

कागदांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९८२ च्या 'प्लायलर विरुद्ध डो' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सार्वजनिक शाळेत शिकण्याचा हक्क आहे. हा खटला टेक्सासमधल्याच टायलर या गावातून उद्भवला होता. शाळा कागद मागू शकत नाही, म्हणून शाळेचा संघही मागत नाही. महासंघाशी संलग्न क्लबमध्ये नोंदणी करायची झाली तर परिस्थिती उलट होते. अल्पवयीन खेळाडूंचा आंतरराष्ट्रीय बाजार रोखण्यासाठी फिफाने परदेशात जन्मलेल्या मुलांच्या पहिल्या नोंदणीवर बंधने घातली. आफ्रिकेतून आणि दक्षिण अमेरिकेतून कोवळी मुले युरोपात आणून सोडून देण्याच्या प्रकारांना आळा बसावा, हा त्यामागील स्तुत्य हेतू. २०१५ मध्ये यासाठीची वयोमर्यादा बारावरून दहा वर्षांवर आणली गेली. मुलाचे कुटुंब फुटबॉलखेरीज अन्य कारणासाठी स्थलांतरित झाले आहे हे दाखवण्यासाठी ओळख, निवास आणि पालकांचा कामाचा परवाना अशी कागदपत्रे अपेक्षित असतात. पुढे नियमात दीर्घ वास्तव्याची सवलत आली, तरी ते वास्तव्यदेखील कागदांनीच सिद्ध करावे लागते. कोंबड्या कापणाऱ्या किंवा स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या बापाला आपण फुटबॉलसाठी देश सोडला नाही हे सिद्ध करायला सांगणारा हा नियम आहे. मुलाच्या रक्षणासाठी केलेली तरतूद त्याच मुलाला दाराबाहेर ठेवते. उपरोध असा की शाळेचे दार उघडे आहे, पण निवडकर्ते तेथे येईनासे झाले. क्लबचे दार निवडकर्त्यांकडे उघडते, पण तेथे कागद लागतो.

नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' (२०२२) या हिंदी चित्रपटाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळवणारे निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर तो आधारलेला आहे. त्या चित्रपटातही खेळाचा भाग जितका मोठा, तितकाच ओळखपत्र आणि पारपत्र मिळवण्याच्या खटाटोपाचा. आदिवासी मुलगी आणि तिचा बाप आपण कोण आहोत हे सांगणाऱ्या कागदासाठी एका दारातून दुसऱ्या दारात जातात, तो भाग कथेला थांबवून ठेवतो असा आक्षेप घेता येईल. वस्तुतः ते थांबणे हाच त्या भागाचा विषय आहे. नागपूर आणि सायलर सिटी यांत मोठा भेदही आहे. 'झुंड'मधील मुलगी ज्या देशाची नागरिक आहे त्याच देशाकडे आपल्या अस्तित्वाचा पुरावा मागते. चॅटम काउंटीतील कागदपत्रे नसलेल्या मुलाकडे पुरावा असतो, पण तो दुसऱ्याच देशाचा असतो आणि तो दाखवणे म्हणजे स्वतःला पकडून देणे ठरू शकते.

श्रमाचा प्रश्न थोडक्यात सांगता येईल. १९३८ च्या संघीय श्रम कायद्याने बालमजुरीवर जी बंधने घातली त्यांत शेतीला बरीच सूट आहे. पालकांच्या संमतीने बारा वर्षांचे मूल शाळेच्या वेळेबाहेर शेतात मजुरी करू शकते. अनेक राज्यांत शालेय फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि त्या सुमारास पिके काढणीला आलेली असतात. हंगामाबरोबर फिरणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे शालेय वर्ष मध्येच तुटते. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर जाणाऱ्या मुलांची हजेरी पाहिलेल्या मराठी वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. मुलींच्या वाट्याला घरकाम आणि धाकट्या भावंडांची देखभाल येते, ती हंगाम संपला तरी संपत नाही. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणारा 'टायटल नाइन' कायदा १९७२ पासून आहे. त्याचा लाभ उपनगरांतील मुलींना जितका झाला तितका खेड्यांतील लॅटिना मुलींना झालेला नाही. या विषयावरील प्रमुख पुस्तके मुलांच्या संघांविषयीच आहेत, ही गोष्टही त्याच उणिवेचा भाग मानावी लागेल.

शाळा संपल्यावर उरणारा मार्ग विद्यापीठातून जातो. २०२५ मध्ये नियम बदलेपर्यंत वरच्या श्रेणीतील विद्यापीठाच्या पुरुष फुटबॉल संघाला एकूण ९.९ पूर्ण शिष्यवृत्तींची मर्यादा होती. वीस-पंचवीस खेळाडूंत ती वाटली जाई आणि बहुतेकांच्या हाती अंशतःच मदत पडे. उरलेले पैसे कुटुंबाने किंवा सरकारी साहाय्याने भरायचे. कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्याला संघीय साहाय्य मिळत नाही आणि कित्येक राज्यांत त्याच्याकडून परराज्यातील विद्यार्थ्याचे अनेकपट शुल्क घेतले जाते. टेक्सास आणि कॅलिफोर्निया यांनी २००१ मध्ये अशा विद्यार्थ्यांना स्थानिक दराने शिकण्याची मुभा दिली. टेक्सासमधील ती मुभा २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयीन आदेशाने संपुष्टात आली. नॉर्थ कॅरोलायनाने ती कधी दिलीच नाही. म्हणजे राज्य विजेत्या संघातला जो मुलगा आयुष्याची बरीच वर्षे त्याच काउंटीत वाढला, त्याला आपल्याच राज्याच्या विद्यापीठात परक्या राज्यातला म्हणून शुल्क भरावे लागते.

या भिंतीतून काही खेळाडू पलीकडे गेले आहेत आणि त्यांच्या वाटा बोलक्या आहेत. कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांच्या सोनोमा काउंटीत, सांता रोझा येथे जन्मलेला जोनाथन गोन्सालेस हा 'अलियान्सा दे फुत्बोल' या संस्थेच्या निवडचाचणीतून मेक्सिकन क्लबाच्या नजरेस पडला. २००८ पासून घेतल्या जाणाऱ्या या चाचण्या लॅटिनो वस्त्यांपर्यंत जातात आणि तेथे मेक्सिकोतील क्लबांचे प्रतिनिधी येतात. वयाच्या चौदाव्या वर्षी तो मोंतेरेला गेला आणि २०१८ मध्ये त्याने अमेरिकेऐवजी मेक्सिकोकडून खेळण्याचे ठरवले. अमेरिकन वृत्तपत्रांत तेव्हा हळहळ व्यक्त झाली. ज्या मुलाला आपण वेळीच पाहिले नाही तो दुसऱ्याने पाहिला, एवढीच त्यातील वस्तुस्थिती होती. दुसरे उदाहरण रिकार्दो पेपी याचे. टेक्सासच्या सीमेवरील सॅन एलिझारिओ या लहानशा वस्तीत तो वाढला. डॅलसच्या अकॅडमीत त्याला स्थान मिळाले तेव्हा कुटुंबाने सुमारे हजार किलोमीटर दूर बिऱ्हाड हलवले. २०२१ मध्ये त्याने अमेरिकेची निवड केली आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी तो जर्मनीतील क्लबकडे गेला. दोघेही अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे कागदांच्या बाबतीत निर्वेध. तरीही एकाला देश सोडावा लागला, दुसऱ्याच्या कुटुंबाला गाव. ज्याचा जन्म सीमेपलीकडे झाला, त्याला या दोन्ही वाटा तितक्याशा मोकळ्या नसतात, कारण एकदा देशाबाहेर पडल्यावर परत येता येईल याची त्याला खात्री नसते.

आता लेखनाच्या आकृतिबंधाकडे वळता येईल. कुआद्रोस यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात अजिंक्य संघाचा आणि लहान गावाच्या पुनरुज्जीवनाचा उल्लेख आहे. प्रकाशनव्यवहाराला तो हवा असतो. पुस्तकाच्या आत मात्र लेखक विजयापाशी फारसा रमत नाही. मुलांना खेळ संपल्यावर कोठे जायचे आहे ही काळजी पानोपानी डोकावते. प्रशिक्षक आणि पत्रकार या दोन भूमिकांतील ओढाताण त्याला लपवता आलेली नाही, आणि ती लपली नाही हेच पुस्तकाचे बलस्थान आहे. स्टीव्ह विल्सन यांचे 'द बॉइज फ्रॉम लिटल मेक्सिको' (२०१०) हे पुस्तक ऑरेगन राज्यातील वुडबर्न हायस्कूलच्या संघाच्या २००५ च्या हंगामावर आहे. विलामेट खोऱ्यातील हे गाव शेतमजुरांचे. तेथील शेतमजूर संघटना १९८५ पासून कार्यरत आहे, आणि रशियातून परागंदा झालेल्या जुन्या धर्मपंथीयांचीही तेथे वस्ती आहे. वुडबर्नचा संघ वर्षानुवर्षे बाद फेरीत पोहोचे आणि श्रीमंत उपनगरांतील, वर्षभर क्लबमध्ये खेळणाऱ्या मुलांच्या संघांपुढे अडे. अजिंक्यपदाची कमान नसल्यामुळे विल्सन यांना हंगामाच्या दैनंदिनीवर कथन तोलावे लागले. वाचकाला ते कधी विस्कळीत वाटते. परंतु हरत राहणाऱ्या चांगल्या संघाची गोष्ट सांगताना व्यवस्था अधिक स्पष्ट दिसते, कारण पराभवाचे कारण शोधावेच लागते. विजयाचे कारण कोणी विचारत नाही.

या कथांच्या मागे चिकानो साहित्याची जुनी परंपरा उभी आहे, याची जाणीव अमेरिकन समीक्षेत क्वचितच आढळते. तोमास रिवेरा यांच्या १९७१ च्या स्पॅनिश कथनाने फिरत्या शेतमजुरांचे एक हरवलेले वर्ष तुटक तुकड्यांत मांडले. ज्यांचे आयुष्यच सलग नाही त्यांना सलग कथानक देणे खोटेपणाचे ठरले असते. फ्रान्सिस्को हिमेनेस यांच्या 'द सर्किट' (१९९७) या आत्मचरित्रात्मक कथासंग्रहाच्या अखेरीस, शाळेत रमू लागलेल्या मुलाला वर्गातूनच सीमा-गस्तीचा अधिकारी घेऊन जातो. ज्या जागी मुलगा प्रथमच सर्वांच्या नजरेत भरणार असतो, नेमके तेथेच त्याला हेरले जाते. क्रीडाकथेने हा शेवट स्वीकारलेला नाही, तिला तो परवडतही नाही. २००५ च्या 'गोल' या चित्रपटात लॉस एंजेलिसमधील कागदपत्रे नसलेल्या तरुणाला एक जुना निवडकर्ता योगायोगाने पाहतो आणि त्याचे नशीब इंग्लंडमध्ये उघडते. शहरात असा योगायोग निदान कल्पिता तरी येतो. महामार्गापासून दूर, कारखान्याच्या आडोशाला असलेल्या मैदानावरून कोणी निवडकर्ता सहज जात नाही. होर्हे इबेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅटिनोंच्या क्रीडा-इतिहासावर २०११ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात अलगपणा आणि स्वीकार हे दोन ध्रुव मानले आहेत. सायलर सिटीचा अनुभव सांगतो की स्वीकार शनिवारी मिळतो आणि सोमवारी काढून घेतला जातो. कारखाना आणि संघ यांचे भवितव्य एकाच धाग्यात गुंतलेले असते, ते वेगळेच. २००८ आणि २०११ मध्ये गावातील दोन्ही मोठे कारखाने बंद पडले आणि नवा कारखाना सुरू व्हायला २०१९ उजाडले. त्याच वर्षी ७ ऑगस्टला मिसिसिपी राज्यातील कोंबडी-कारखान्यांवर धाडी पडून सुमारे ६८० कामगार पकडले गेले. तेथील काही शाळांचा तो वर्षातला पहिलाच दिवस होता.

२००४ च्या विजेत्या संघात सतरा वर्षांचा असलेला मुलगा २०१२ मध्ये पंचवीस वर्षांचा झाला. बालपणी आणलेल्या स्थलांतरितांना हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण आणि कामाचा परवाना देणारी 'डाका' योजना त्या वर्षीच्या १५ जूनला जाहीर झाली, तेव्हा वयाच्या अटीत तो बसत होता. फुटबॉलपटूच्या शरीराला जी सात-आठ वर्षे हवी असतात ती मात्र तोवर कारखान्यात गेली होती. या योजनेची आणखी एक अट आहे. अर्जदाराचे वास्तव्य १५ जून २००७ पासून अमेरिकेत सलग असले पाहिजे. त्या तारखेनंतर सीमेपलीकडे जन्मलेली आणि पुढे लहानपणीच आईवडिलांबरोबर आलेली मुले आता सायलर सिटी आणि वुडबर्नसारख्या गावांतील शाळांच्या मैदानांवर खेळतात. त्यांच्यापैकी एकालाही ही अट पुरी करता येणार नाही.